मूळ कागद घेऊन या

फसले ती मी. ताई नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्याकडं असली हकिकत सांगताना माणूस स्वतः हळूच मागच्या रांगेत जाऊन बसतो आणि पुढं दुसऱ्याला उभं करतो.

किराणा दुकानांवर एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागायला लागल्या त्या वर्षांतली ही गोष्ट. श्रीगोंद्याहून काष्टीकडं येताना रस्त्याला चिकटून आमचं गाव. एसटीच्या थांब्यासमोर दुकान, दुकानात फोन. ग्रामपंचायतीतही एक होता, पण त्याला कायम कुलूप. त्यामुळं नोकरीचा अर्ज असो, कॉलेजचा असो, दूरध्वनीच्या रकान्यात अख्खं गाव दुकानाचा नंबर लिहायचं आणि पुढं 'पी.पी.', म्हणजे फोन दुसऱ्याचा, असं लिहायचं. एवढं लिहिलं की वाटायचं, आपल्यालाही जगानं शोधून काढायची सोय झाली.

फोन आला की दुकानदार काका पलीकडच्याला सांगायचे, "धा मिंटानं परत लावा," आणि पायरीवर येऊन हाक द्यायचे. ती हाक पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. गिरणीवाला ती विहिरीकडं फेकायचा. विहिरीवर जी बाई असेल ती ओढ्यापलीकडं. ओढ्यापलीकडं आमची वस्ती, गावाच्या अगदी शेवटाला. आमच्यापर्यंत हाक पोचेस्तोवर दहातली चार मिनिटं गेलेली असायची आणि कुणाला फोन आलाय हे सगळ्या गावाला कळलेलं असायचं. आम्ही चपला हातात घेऊन पळायचो. बाकावर बसलेली माणसं म्हणायची, "पळा पळा, कलेक्टरचा हाय!" आम्हीही हसायचो.

मी तेव्हा वीस वर्षांची. बारावी होऊन बाहेरून बी.ए. करत होते आणि त्याहून जास्त वेळ तरुणांच्या एका मंडळात पत्रकं लिहीत होते. रेशनच्या काळ्या बाजारावर, दारूच्या गुत्त्यावर, अंगात आणून लोकांना लुबाडणाऱ्या बाईवर. पत्रक म्हणजे वाक्य आखूड, शब्द टोकदार, खाली 'वाचा आणि दुसऱ्याला द्या'. आमच्या एका पत्रकातलं वाक्य गावोगावच्या चावडीवर चिकटलेलं होतं: 'पोच घेतल्याशिवाय सरकारी माणसाच्या हातात कागद देऊ नका.' ते वाक्य माझं. त्याचा मला केवढा ताठा होता.

आता कागदाचं सांगते.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. पण सवलतीसाठी जातीचा दाखला काढायचा तर सरकारला धर्मांतराच्या आधीची जात लागते, आणि तीही कागदावर लागते. आमच्या घराण्यात असा कागद एकच. आजोबांच्या शाळेचा दाखला. आजोबा दुसरीपर्यंत शिकले. त्यांच्या त्या दोन वर्षांवर आमच्या सगळ्यांची शिक्षणं उभी होती. शाळेची भिंत एका पावसात पडली, जुनं रजिस्टर भिजलं, उरलेलं वाळवीनं खाल्लं. नंतर कुणी उतारा मागायला गेलं की हेडमास्तर हात जोडायचे.

तो दाखला आमच्या पत्र्याच्या पेटीत, खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असायचा. चुलत्याच्या, आत्याच्या, कुणाच्याही पोरांना तो लागला की इथून न्यायचा. त्याची एक रीत होती. दाखला एकट्याच्या हाती जायचा नाही. नेणारे दोघं पाहिजेत, त्यातलं एक घरातलं जाणतं माणूस, आणि दिवेलागणीच्या आत तो पेटीत परत. आईला अक्षरओळख नव्हती, पण कागद परत आला की ती उजेडात धरून त्याच्या घड्या मोजायची.

ताईनं नगरला राहून नर्सिंगचा कोर्स केला होता. आरोग्य खात्यात जागा निघाल्या, तिनं अर्ज केला. वयाची अट अशी की ही भरती हुकली तर पुढची तिच्यासाठी नव्हतीच. घरात लग्नाचा विषय दारापर्यंत येऊन थांबला होता. एवढा निकाल लागू द्या, असं तिनं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. वडील साखर कारखान्यावर. हंगाम चालू झाला की पंधरा-पंधरा दिवस तिकडंच.

अशात एका सोमवारी हाक आली. आम्ही दोघी पळालो. ताईला थंडीतापानं धरलं होतं, तरी पळाली. फोन तिनं घेतला, ऐकलं आणि घाबरून माझ्या हातात दिला.

"नमस्कार. कुमारी..." असं म्हणून पलीकडच्या माणसानं ताईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आडनाव घेतलं. "आपणच का?"

"मी त्यांची धाकटी बहीण."

"हरकत नाही. आपल्या भगिनींचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. वरच्या उमेदवार हजर झालेल्या नाहीत. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागद घेऊन या. शाळा सोडल्याचा दाखला, कोर्सचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि त्याला आधार असलेला वाडवडिलांचा मूळ पुरावा. झेरॉक्स चालणार नाही."

"ताईला बरं नाही. आणखी कुणी आलं तर?"

"घरचं कुणीही चालेल. पण गुरुवार चुकवू नका."

त्यानं अर्जाचा क्रमांक सांगितला. बारावीचे गुण सांगितले, कोर्सचे सांगितले. सगळे बरोबर. बोलणं कसं, तर शाळेच्या पुस्तकासारखं. आमच्याशी 'आपण' म्हणून कोण बोलतं? तलाठी 'ए पोरी' म्हणतो, बँकेतला मान वर करत नाही. आम्हाला 'कुमारी' म्हणणारा माणूस सरकारच असणार, असं मला वाटलं. खरं लिहायचं तर मला तो आवाज आवडला.

आई म्हणाली, "तुझ्या बाला येऊ दे. मग दोघं जावा."

"आई, तोवर जागा जाईल दुसरीला."

"मग चुलत्याला काष्टीवरनं बोलीव. दाखला एकटा जात न्हाई."

"मी काय कुकुलं बाळ आहे का? सभेत बोलते मी, साहेबांशी भांडते."

"भांडती म्हनूनच म्हन्ते."

"आणि रीत म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का?"

आई उठली. पेटी उघडून तिनं दाखला माझ्या हातात दिला. हात तिनं जरा उशिरा सोडला.

गुरुवारी मी नगरला गेले. खात्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या खात्यानं मला फसवलं नाही. व्हरांड्यात गर्दी होती. चाळिशीचा एक माणूस आतल्या दारातून बाहेर आला. पांढरा शर्ट, काखेत लांबडं रजिस्टर. त्यानं यादी बघून ताईचं नाव मोठ्यानं पुकारलं. आवाज तोच. माझ्याआधी आणखी दोन मुलींनी त्याच्याकडं कागद दिले होते, त्या निघून गेल्या होत्या. मी पाकीट पुढं केलं आणि हात मागं घेतला.

"पोच पाहिजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. "शाब्बास! अशी जागरूकता हवी. सगळ्याच मुली तुमच्यासारख्या असत्या तर आम्हाला काम करायला उत्साह आला असता."

रजिस्टर गुडघ्यावर ठेवून त्यानं पोच लिहिली. एकेक कागद, एकेक ओळ, वळणदार अक्षर. खिशातून शिक्क्याची डबी काढून गोल शिक्का मारला. मी ती पोच घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि एसटीत बसले. खरा कारकून पोचेसाठी तीन हेलपाटे घालायला लावतो. हा तिथल्या तिथं देतो, वर कौतुक करतो, इथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडायला पाहिजे होता. पण कौतुकानं माणूस आंधळा होतो, आणि चळवळीतलं माणूस जरा जास्तच.

आईनं संध्याकाळी विचारलं, "दाखला?"

"सरकारात जमा आहे. ही पोच."

तिनं पोच हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. "ह्याला घड्या न्हाईत," म्हणाली.

आठ दिवसांनी पुन्हा हाक. मी एकटीच पळाले.

"काम झालंच आहे," तो म्हणाला. "साहेबांसमोर फक्त सही राहिली. ती उमेदवाराचीच लागते. बाईंना शनिवारी पाठवा."

"मी घेऊन येते तिला कार्यालयात."

"कार्यालयात नाही. साहेब दौऱ्यावर असतात, त्यांचा मुक्काम लॉजवर असतो. स्टँडच्या मागं. मी खाली उभा राहीन. एकट्याच येऊ द्या. गर्दी त्यांना आवडत नाही."

दुकानात तिखटाचं पोतं फोडलं होतं, बाकावरची माणसं शिंकत होती, काका वजन करत होते. सगळं रोजचंच होतं आणि कानाला लावलेल्या त्या काळ्या वस्तूत एक माणूस माझ्या बहिणीला लॉजवर बोलावत होता.

"कार्यालयात का नको?" मी विचारलं.

तो त्याच शांत, त्याच पुस्तकी आवाजात म्हणाला, "आपल्याला आजोबांचा दाखला परत हवा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी नगर गाठलं. शिपायानं पोच बघितली, आत नेली, परत आणली. मागोमाग एक वयस्कर कारकून बाहेर आल्या. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. असा माणूस इथं कामाला नाही. निवडीचं पत्र पोस्टानं येतं, फोनवर कुणाला बोलावत नाहीत. शिक्क्यावर फक्त 'आवक' एवढंच आहे, असा शिक्का बाजारात कुठंही मिळतो.

"पण तो आतल्या दारातून बाहेर आला होता."

"बाई, त्या दारातून रोज शंभर माणसं आतबाहेर करतात. आत संडास आहे."

अर्जातली माहिती त्याला कशी कळली तेही त्यांनीच दाखवलं. रस्त्यापलीकडं झेरॉक्सचं दुकान. अर्ज भरणारी प्रत्येक पोर तिथं प्रती काढायची. काळी निघालेली, तिरकी निघालेली प्रत दारातल्या खोक्यात पडायची. मी जाऊन खोक्यात वाकून बघितलं. नावं, गुण, जाती, वडिलांची नावं आणि प्रत्येक नावापुढं कुठल्यातरी दुकानाचा, कुठल्यातरी पाटलाचा, कुठल्यातरी गिरणीचा नंबर. पी.पी., पी.पी., पी.पी. आम्ही सगळ्यांनी आपल्या गळ्याला दोरी बांधून तिचं टोक रस्त्यावर सोडून दिलं होतं.

शनिवारी ताई गेली नाही. सोमवारी फोन आला.

"शुक्रवारी निळी ओढणी घेऊन कार्यालयात चौकशीला आला होता आपण," तो म्हणाला. "झेरॉक्सच्या खोक्यातही वाकून बघितलंत."

मी रिसीव्हर ठेवला. काकांनी विचारलं, "काय गं, कोन वारलं का?" माझं तोंडच तसं झालं असणार.

त्यानंतर तो रोज फोन करायला लागला. दुपारी चारच्या सुमारास, बाक भरलेला असताना. आता तो मला मागायचा नाही, ताईचं नाव घ्यायचा. काका पायरीवर यायचे, ताईच्या नावानं हाक जायची, गिरणीवरून, विहिरीवरून, ओढ्यावरून. आम्ही गेलो नाही तर अर्ध्या तासानं पुन्हा. काकांच्या मनात काही नव्हतं. त्यांना तो 'शेठ' म्हणायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा. "लई सभ्य मानूस हाय," ते म्हणायचे. "तुमी त्याला एवढं का ताटकळवता?"

चौथ्या-पाचव्या दिवशी गिरणीवाल्यानं हाक पुढं दिली ती जरा सूर लावून. विहिरीवर कुणीतरी हसलं. बाकावरचा एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "नगरचा पावना लई आतुर दिसतुया. पोरीनं कोर्स नगरातच केल्ता न्हवं?"

"व्हय की. कसला कोर्स ते तिलाच ठावं."

सभेत मी असल्या माणसांची सालटी काढली असती. त्या दिवशी मान खाली घालून चालत राहिले. ही भीती मी आधी कधी चाखली नव्हती. पोलिसांची, पुढाऱ्याची भीती समोरून येते, तिच्याशी घोषणा देऊन भांडता येतं. हिला तोंड नव्हतं. होतं ते फक्त एक नाव, आमच्या घरातलं, आणि ते रोज दुपारी सगळ्या गावाच्या तोंडातून फिरून आमच्या दारात येऊन पडायचं.

ताईनं विहिरीवर जाणं सोडलं. ताप उतरला होता, पण ती अंथरुणातच असायची. तीन वाजून गेले की तिचे कान टवकारायचे. ओढ्यापलीकडं कुणी शेळीला हाकारलं तरी दचकायची. जेवताना घास हातातच राहायचा. आईनं भर दिवसा दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. आमच्या वस्तीत दिवसा कुणी कडी घालत नाही. शेजारणीनं विचारलं, "काय गं, सोनं पुरलंय का आत?" आई म्हणाली, "कुत्रं शिरतंया."

मी पोलिस चौकीत गेले. चौकी कुठली ते सोडा, चौक्या सगळ्या एकाच मातीच्या. हवालदारांनी पोच बघून बाजूला ठेवली.

"कागदच गेलेत न्हवं? दुय्यम प्रत काढा. हरवल्याचा दाखला देतो, घेऊन जावा."

"त्या एका कागदाची दुय्यम प्रत निघत नाही. रजिस्टर नाही राहिलं. आणि तो माणूस माझ्या बहिणीला लॉजवर बोलावतोय."

"बोलावतोय म्हंजे ओळख आसंल."

"ओळख नाही."

"मग रोज नाव घेऊन कसा फोन करतोय? पोरीला इचारा नीट घरात. कागदाआड भलतंच निघतं."

मी तिथं ओरडले. ओरडून काय झालं? त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं ते त्याहून वाईट होतं. बेलापूरकडच्या एका मुलीला असाच फोन आला होता. ती गेली. दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आली, कागद घेऊन. त्या दिवसापासून ती बोलत नाही. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, देवाला नेतात. मैत्रीण हे सांगताना सारखी दाराकडं बघत होती. मी ताईला सांगायचं नाही असं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी सांगितलं. एकटीला पेलवेना.

ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कागद परत देतो तो."

त्या वाक्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या माणसाचीही वाटली नव्हती. ती हिशेब करत होती. तिच्या डोक्यात चुलत्याची पोरं होती, आत्याची पोरगी होती, आजोबांची दुसरीपर्यंतची शाळा होती. आपल्या एका जाण्यानं हे सगळं पेटीत परत येतं का, हे ती तोलत होती. आईनंही ते ओळखलं. चुलीपाशी बसलेली आई उठली, ताईसमोर येऊन उकिडवी बसली आणि तिच्या दोन्ही घोट्यांना घट्ट धरलं.

"कागद गेला तर गेला. तुझा आज्जा तर कधीचाच गेलाय. तू ह्या उंबऱ्याभाईर एकली गेलीस तर मी हिरीत उडी टाकीन, सांगून ठिवते."

दुसऱ्या दिवशी चार वाजता हाक आली. ताई उठली. तोंड धुतलं, केस बांधले, चपला घातल्या. "मी येते," मी म्हणाले. "ये," ती म्हणाली. मागनं आई. आम्ही पळालो नाही. चालत गेलो. गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली.

दुकानात बाक भरलेला होता. काकांना काहीतरी उमगलं असावं. ते म्हणाले, "ए, उठा रे, जरा भाईर व्हा. बायांना बोलायचं आसंल."

"राहू द्या त्यांना, काका," ताई म्हणाली. "रोज माझं नाव ऐकतात. आज बोलणं पण ऐकू द्या."

फोन वाजला. तिनं उचलला. रिसीव्हर कानातल्या रिंगेवर वाजत होता. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग मोठ्यानं बोलायला लागली, वॉर्डात बहिऱ्या पेशंटशी बोलावं तशी, एकेक शब्द तोडून.

"तुमच्याकडं माझे चार कागद आहेत. तुम्ही ते फसवून नेलेत. ते परत देण्यासाठी मला स्टँडमागच्या लॉजवर एकटीनं यायला सांगताय. बरोबर?"

बाकावर कुणीतरी विडी विझवली.

"जाळा म्हणता? जाळा. माझ्या आजोबाचा कागद तुमच्या हातात राहण्यापेक्षा जळलेला बरा. जाळा आणि राख तुमच्या साहेबाला द्या."

तिनं रिसीव्हर ठेवला, पण तो नीट बसेना. काकांनी पुढं होऊन बसवला. ताई खाली पायरीवर बसली आणि तिला उलटी झाली. ज्या माणसानं कोर्सबद्दल जीभ चालवली होती तोच पाण्याचा तांब्या घेऊन आला. आईनं तांब्या त्याच्या हातातून घेतला, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

पुन्हा फोन आला, तो काकांनी उचलला. त्यांनी दिलेल्या शिव्या मला लिहिता येणार नाहीत. त्यानंतर फोन यायचे थांबले. भीती थांबली नाही. कित्येक आठवडे रस्त्यावर पांढरा शर्ट दिसला की ताई माझ्यामागं व्हायची. मी एसटीत बसले की आधी मागची सगळी बाकं बघून घ्यायची. त्याला आमचं गाव माहीत होतं, घर माहीत होतं, माझी ओढणी माहीत होती. आम्हाला त्याच्याबद्दल काय माहीत होतं? अक्षर वळणदार आहे एवढंच.

कागद आले नाहीत. ताईचे शाळेचे आणि कोर्सचे दुय्यम दाखले निघाले. जातीचा निघाला नाही. तहसीलला जुनी फाइल शोधायला मी इतक्यांदा गेले की तिथला पट्टेवाला मला वहिनी म्हणायला लागला. फाइल मिळाली नाही. ताईचा अर्ज खुल्या जागेत गेला, यादीत नाव आलं नाही, वय निघून गेलं. आता ती श्रीगोंद्यात एका खासगी दवाखान्यात आहे. लग्नाला तिनं नाही म्हटलं, आणि त्या दुपारनंतर वडिलांनी तो विषय काढला नाही.

मी पत्रक लिहिलं. 'फोनवर कुणी मूळ कागद मागितले तर देऊ नका.' मंडळात वाद झाला. एकजण म्हणाला, "ही तुमची घरगुती बाब आहे, यात संघटनेचं काय?" मी विचारलं, बेलापूरकडची ती मुलगीही आपली घरगुती बाब आहे का? पत्रक निघालं. काष्टीच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं, शेळ्यांच्या बाजारापासून भाजीच्या पालांपर्यंत. खूप बाया थांबल्या. काहींनी वाचून दाखवायला सांगितलं. पण त्या पत्रकात मी एक गोष्ट लिहिली नाही. 'एका भगिनीला असा फोन आला' असं लिहिलं. कागद कुणी नेऊन दिले ते लिहिलं नाही.

मग यंदा चुलता आला. त्याचा थोरला दहावी झाला, पुढं आयटीआयला घालायचाय. चुलता गवंडी. हाताला चुना तसाच, घाईत आलेला.

"दाखला दे गं," आईला म्हणाला. "मी आन् पोरगा दोघं जातो. दिवं लागायच्या आत आनून दीन."

आई पेटीकडं बघत राहिली. इतकी वर्षं आम्ही त्याला काही सांगितलं नव्हतं. फोनचं त्याच्या कानावर गेलं होतं, पण तो समजत होता की गेले ते ताईचे कागद.

सुटीला आलेली ताई चहा गाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काका, तो माझ्या हातून हरवला. नगरच्या एसटीत राहिला."

चुलत्याला आधी कळलंच नाही. मग तो खाली बसला. "येडी का खुळी तू?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "आगं, एकटीनं न्हेला व्हता का?"

"हो," ताई म्हणाली.

मी तिथंच होते. दारात, चौकटीला टेकून. कर्णा नसताना तीनशे माणसांपुढं बोलणारी मी. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि चहा पुढं केला. चुलत्यानं तो घेतला नाही. उठून गेला. त्या दिवसापासून तो ताईशी बोलत नाही. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते. खोटं म्हणते.

म्हणून हे लिहिलं. हे छापून आलं की पहिली प्रत घेऊन काष्टीला जाणार आहे, चुलत्याच्या दारात. त्याला वाचता येत नाही. पोराला वाच म्हणावं तर त्यालाच हवा असलेला कागद कसा गेला हे त्यानंच वाचायचं. तेव्हा मलाच वाचावं लागणार, त्याच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं.